नेब्रास्काने नेमकं काय गमावलं?

२९ नोव्हेंबर २००३, शनिवार. आदल्याच दिवशी अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोलोरॅडोला त्यांच्याच मैदानावर ३१-२२ असं हरवलं होतं. हंगामाचा हिशोब नऊ विजय आणि तीन पराभव असा होता. त्या शनिवारी रात्री क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना नारळ दिला. सहा हंगामांत ५८ सामने जिंकलेला आणि फक्त १९ हरलेला हा माणूस. संघाला सामान्यांच्या रांगेत घसरू देणार नाही, टेक्सास आणि ओक्लाहोमा या प्रतिस्पर्धी विद्यापीठांपुढे शरणागती पत्करणार नाही, असं पेडरसन यांनी कारण सांगितलं.

पुढे काय झालं? नेब्रास्काने आपल्या गटाचं, म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या लीगचं, विजेतेपद शेवटचं मिळवलं ते १९९९ मध्ये, याच सोलिच यांच्या हाताखाली. २०१७ ते २०२३ या सलग सात हंगामांत विजयांपेक्षा पराभवच जास्त. त्याआधी १९६२ ते २००३ अशी बेचाळीस वर्षं या संघाचा एकही हंगाम तोट्यात गेला नव्हता, आणि १९६९ पासून ३३ वर्षं दर हंगामात किमान नऊ विजय ठरलेले होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या उंचीवरून इतकं खाली आलेलं आणि इतका काळ खालीच राहिलेलं दुसरं उदाहरण चटकन सापडत नाही.

तिथल्या चाहत्यांकडे याचं उत्तर तयार असतं. सोलिचना काढलं आणि शाप लागला. मला हे उत्तर अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी जमवलं काय होतं, ते पाहायला हवं.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून धावायचं, समोरच्याने अंगावर आदळून पाडायचं, असा हा खेळ. नेब्रास्का मक्याच्या शेतांचं राज्य आहे, लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. कुठल्याही मोठ्या खेळातला व्यावसायिक संघ तिथे नाही. जे काही आहे ते लिंकन गावातलं विद्यापीठ आणि १९२३ साली बांधलेलं मेमोरियल स्टेडियम. ३ नोव्हेंबर १९६२ पासून या स्टेडियमचं प्रत्येक सामन्याचं प्रत्येक तिकीट विकलं गेलं आहे, आणि २०२४ मध्ये या मालिकेने चारशेचा आकडा गाठला. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव हे स्टेडियमच असतं, असं तिथे गमतीने म्हणतात. पाहुणा संघ जिंकून बाहेर पडताना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची इथली जुनी पद्धत आहे. स्टेडियमच्या दगडात कोरलेल्या ओळींमध्येही विजयापेक्षा कृतीचा आणि ध्येयापेक्षा खेळाचा गौरव आहे. या ओळी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांच्या. पुढची सगळी कहाणी माहीत असताना त्या वाचल्या की जरा हसू येतं.

डेव्हनी आणि वजनांची खोली

१९६२ मध्ये बॉब डेव्हनी वायोमिंग सोडून इथे आले. आधीच्या पाच हंगामांत संघाने एकूण १५ सामने जिंकले होते. डेव्हनींनी पहिल्याच वर्षी नऊ जिंकले. मूळचे मिशिगनचे, विनोदी, गप्पिष्ट, खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात बसून त्याचा मुलगा संघासाठी मागून आणणारे. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवली. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ओक्लाहोमाला ३५-३१ ने हरवलं तो सामना आजही शतकातला सर्वोत्तम म्हणून सांगितला जातो.

पण त्याआधी १९६७ आणि १९६८ हे दोन्ही हंगाम सहा विजय, चार पराभव असे गेले होते. ओक्लाहोमाने तर ४७-० असा धुव्वा उडवला होता. डेव्हनींना काढा, अशी कुजबुज सुरू झाली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. आक्रमणाची आखणी टॉम ऑस्बोर्न नावाच्या तरुण सहायकाकडे सोपवली. हा राज्यातल्याच हेस्टिंग्ज गावचा, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला आणि तोंडातून कधी अपशब्द न काढणारा. दुसरी गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली. बॉइड एप्ली हा बांबूउडीचा खेळाडू दुखापतीतून सावरण्यासाठी वजनं उचलत असे. त्याच्या नादाने जखमी फुटबॉलपटू व्यायाम करू लागले आणि पूर्वीपेक्षा दणकट होऊन परत येऊ लागले. ऑस्बोर्नच्या ते नजरेत भरलं. वजनं उचलून अंग आखडतं आणि खेळाडू मंद होतो, असा त्या काळी पक्का समज होता. डेव्हनींनी एप्लीला कामावर घेतलं, पण बजावलं की एक जरी मुलगा मंदावला, तर तुझी नोकरी गेली. साल १९६९. कॉलेज फुटबॉलमधला पहिला पगारी ताकद-प्रशिक्षक तो हाच. त्याच वर्षापासून नऊ विजयांची ती ३३ वर्षांची माळ सुरू होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ऑस्बोर्नची पंचवीस वर्षं

१९७३ मध्ये डेव्हनींनी मुख्य प्रशिक्षकपद ऑस्बोर्नकडे दिलं आणि स्वतः क्रीडा संचालक म्हणून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढची जवळपास वीस वर्षं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट ही आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

ऑस्बोर्नची एकूण कामगिरी २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. तीन राष्ट्रीय विजेतेपदं: १९९४, १९९५ आणि १९९७, त्यातलं शेवटचं मिशिगनबरोबर विभागून. आकडे असे मांडले की वाटतं, वाट सरळच होती. ती तशी मुळीच नव्हती. पहिली पाच वर्षं ते ओक्लाहोमाकडून सलग हरले. ‘मोठा सामना जिंकता येत नाही’ हा शिक्का बसला. १९७८ च्या शेवटी ते कोलोरॅडोची नोकरी पाहूनही आले, आणि राहिले. पहिलं विजेतेपद आलं बाविसाव्या हंगामात. त्याआधी हंगामाच्या शेवटी होणारे मानाचे बाउल सामने ते सलग सात वर्षं हरले होते.

यातला एक सामना जरा जवळून पाहू. २ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बाउल. नेब्रास्का अपराजित, सरासरी सामन्याला ५२ गुण. समोर मायामी, तेही त्यांच्या घरच्या मैदानावर. सुरुवातीलाच नेब्रास्का १७-० ने मागे पडली, मग झुंजत परत आली. शेवटचं एक मिनिटही उरलेलं नसताना जेफ स्मिथने चेंडू गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केलं, आणि फलक झाला ३१-३०. आता दोन पर्याय होते. सोपी किक मारून एक गुण घ्यायचा आणि बरोबरी साधायची. तेव्हा जादा वेळ नसे, सामना तिथेच संपला असता आणि अपराजित नेब्रास्काला विजेतेपद बहुधा मिळालंच असतं. नाहीतर पुन्हा गोलरेषा ओलांडायचा प्रयत्न करून दोन गुण घ्यायचे आणि सामना जिंकायचा. ऑस्बोर्न यांनी दुसरा पर्याय निवडला. टर्नर गिलने चेंडू फेकला, मायामीच्या बचावपटूची बोटं लागली, चेंडू स्मिथच्या हातात बसला नाही. विजेतेपद गेलं. तरीही त्या रात्रीमुळे राज्यात ऑस्बोर्नबद्दलचा आदर वाढला, कारण बरोबरीने मिळालेलं विजेतेपद त्यांनी नको म्हटलं होतं.

अशा पराभवांनंतर, आणि त्या सात बाउलनंतरही, माणूस खुर्चीवर राहिला तो डेव्हनींमुळे. सहायकही राहिले. आक्रमणफळीला घडवणारे मिल्ट टेनोपिर, बचावाचे चार्ली मॅकब्राइड वर्षानुवर्षं एकाच गावात, एकाच कामावर. कॉलेज फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. इथे त्यांची मुलं एकाच शाळेत शिकून मोठी झाली.

आणि ‘वॉक-ऑन’. विद्यापीठाला फुटबॉलसाठी शिष्यवृत्त्या किती देता येतील यावर मर्यादा असते. १९७३ मध्ये १०५, मग ९५, आणि १९९४ पर्यंत ८५. पण शिष्यवृत्ती न घेता, स्वतःची फी भरून संघात येणाऱ्या मुलांवर मर्यादा नव्हती. नेब्रास्काने राज्यभरातल्या गावांतून अशी मुलं बोलावली. शेतावर काम केलेली, अंगाने आडवी, वेगात थोडी कमी. सराव एकाच वेळी चार ठिकाणी चाले, त्यामुळे चौथ्या फळीतल्या मुलालाही रोज खराखुरा खेळ मिळे. तीन-चार वर्षं वजनांच्या खोलीत घाम गाळून यातलाच एखादा मोठ्या संघाविरुद्ध उभा राही. जॅरेड टोमिच वॉक-ऑन म्हणूनच आला आणि देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंत जाऊन बसला. माकोव्हिका कुटुंबातले तर चौघे भाऊ खेळले. गावातल्या किराणा दुकानदाराला संघातल्या निदान एका मुलाचे आईवडील ओळखीचे असत. स्टेडियम साठ वर्षं भरलेलं राहतं त्याचं निम्मं कारण इथे आहे.

खेळायची पद्धत या माणसांना साजेशी होती. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू घेऊन कडेला धावतो, शेवटच्या क्षणी स्वतः ठेवतो किंवा शेजारच्याकडे टाकतो. नाव ‘ऑप्शन’. पुढची फळी दणकट असली की याला उत्तर सापडत नाही. १९९५ चा संघ या पद्धतीचा कळस होता. फिएस्टा बाउलमध्ये फ्लोरिडाचा ६२-२४ असा फडशा पाडला, आणि टॉमी फ्रेझियरची त्यातली एक धाव आजही दाखवली जाते.

त्याच हंगामाचा डाग मात्र झाकता येत नाही. धावपटू लॉरेन्स फिलिप्सने सप्टेंबरमध्ये आपल्या आधीच्या मैत्रिणीला बेदम मारहाण केली. ऑस्बोर्न यांनी त्याला निलंबित केलं आणि काही आठवड्यांनी परत घेतलं. शिस्तीचा एकमेव आधार काढून घेतला तर हा मुलगा वाया जाईल, असं त्यांचं म्हणणं. तो अंतिम सामना खेळला. पुढे तो तुरुंगात गेला आणि २०१६ मध्ये तिथेच मेला. ऑस्बोर्न मनापासून बोलत होते यावर माझा विश्वास आहे. पण मारहाण झालेल्या मुलीला त्याच विद्यापीठात राहायचं होतं, हा विचार त्या हिशोबात मागे पडला. या वारशाचे गोडवे गाताना बहुतेक लोक १९९५ चा गुणफलक सांगतात आणि पुढे सरकतात.

जे आधीच निसटत होतं

१९९७ च्या हंगामानंतर ऑस्बोर्न निवृत्त झाले. शेवटच्या पाच वर्षांत त्यांचे ६० विजय आणि ३ पराभव. त्यांच्याच पसंतीने सोलिच आले. सोलिच डेव्हनींच्या संघात खेळलेले आणि १९७९ पासून ऑस्बोर्नच्या हाताखाली असलेले, म्हणजे अस्सल घराण्यातले. २००१ मध्ये त्यांच्या एरिक क्राउचला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. त्याच हंगामात कोलोरॅडोने ६२-३६ ने झोडपलं, तरी संगणकी क्रमवारीच्या कृपेने नेब्रास्का राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचली आणि मायामीकडून ३७-१४ ने हरली. २००२ मध्ये सात विजय, सात पराभव. म्हणजे पेडरसन यांची भीती हवेतली नव्हती.

घसरण कशाची होती? एप्लीची वजनांची खोली आता प्रत्येक विद्यापीठात होती. त्यांनी स्वतःच १९७८ मध्ये लिंकनमध्ये ताकद-प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती, तेव्हा गुपित राहण्याचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची मक्तेदारी मोडली आणि हळूहळू सगळेच संघ पडद्यावर दिसू लागले. मोजक्या बड्या संघांचं ते कौतुक संपलं. १९९६ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठांना घेऊन बिग ट्वेल्व्ह गट झाला. प्रवेशाच्या शैक्षणिक अटी अर्धवटच पूर्ण करणाऱ्या खेळाडूंबाबत नेब्रास्काला हवी असलेली सवलत बाकीच्यांनी मोडीत काढली. ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारा सामनाही गेला. गट दोन भागांत विभागला आणि दोघे वेगवेगळ्या बाजूला पडले. पुढे २०११ मध्ये नेब्रास्काने बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेन हा दुसरा गट गाठला. पैसा आणि स्थैर्य मिळालं, पण टेक्सासमधल्या मुलांना संघात ओढण्यासाठी सांगायला काही उरलं नाही.

यातलं काहीही सोलिच यांच्या हातात नव्हतं. आणि त्यांना काढून यातलं काही परतही येणार नव्हतं.

प्रत्येक वेळी दुसरंच औषध

पेडरसन स्वतः नेब्रास्काचेच, नॉर्थ प्लॅट गावचे. त्यांनी ४१ दिवस शोधाशोध करून व्यावसायिक एनएफएलमधून बिल कॅलहान यांना आणलं. ‘ऑप्शन’ गेला, चेंडू फेकत खेळायची पद्धत आली, वॉक-ऑन मुलांची संख्या कमी केली गेली. पहिल्याच हंगामात टेक्सास टेकने ७०-१० असा मार दिला, १९६१ नंतर प्रथमच हंगाम तोट्यात गेला आणि ३५ वर्षांची बाउलची सलग वारी थांबली. २००७ मध्ये कॅन्ससने ७६ गुण चढवले. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये पेडरसन यांना जावं लागलं होतं आणि सत्तर वर्षांचे ऑस्बोर्न क्रीडा संचालक म्हणून परतले होते. मधल्या काळात ते अमेरिकी काँग्रेसमध्ये तीन वेळा निवडून गेले होते. गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मात्र हरले. या राज्यात ऑस्बोर्न हरू शकतात, ही मला त्या दशकातली सगळ्यांत अचंबित करणारी बातमी वाटते.

ऑस्बोर्न यांनी कॅलहान यांच्या जागी बो पेलिनी यांना नेमलं. सात हंगाम, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय आणि शेवटचा हंगाम सोडला तर दर वर्षी चार पराभव. २००९ मध्ये टेक्सासविरुद्ध घड्याळात एक सेकंद परत घातला गेला आणि गटविजेतेपद १३-१२ ने हुकलं. पेलिनींचा संताप, चाहत्यांना दिलेल्या शिव्यांची बाहेर आलेली ध्वनिफीत, हे सगळं खरं. पण ३० नोव्हेंबर २०१४ रोजी, आयोवाला हरवून दोन दिवस झाले असताना, त्यांना काढलं तेव्हा त्यांचा हिशोब होता नऊ विजय, तीन पराभव. अकरा वर्षांपूर्वी सोलिच यांचा होता अगदी तोच. संचालक वेगळा होता, पण तालीम आधी झालेली होती.

तापट माणूस नको म्हणून सज्जन माइक रायली आणले. त्यांचे १९ विजय, १९ पराभव. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्याने स्वतःचाच मुलगा बोलावला. स्कॉट फ्रॉस्ट, वुड रिव्हर गावचा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. वडील डेव्हनींच्या संघातले, आई ऑलिंपिकमध्ये थाळीफेक केलेली. सेंट्रल फ्लोरिडाला नुकताच अपराजित हंगाम मिळवून दिलेला. सगळ्यांना वाटलं, गाडी रुळावर आली. फ्रॉस्ट यांच्या खात्यात पडले १६ विजय आणि ३१ पराभव. त्यातले २७ सामने एका टचडाउनच्या फरकाचे, आणि त्यांपैकी जिंकले फक्त पाच. २०२२ मध्ये डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अकरा गुणांनी पुढे असताना त्यांनी अचानक छोटी किक मारून चेंडू पुन्हा मिळवायचा जुगार खेळला आणि सामना घालवला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्यांना काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. विद्यापीठ तेवढंही थांबलं नाही.

पद्धत बदलून पाहिली, स्वभाव बदलून पाहिला, रक्ताचं नातं आणून पाहिलं. दर वेळी माणूसच बदलला. १९६२ ते २००३ या ४२ हंगामांत मुख्य प्रशिक्षक तीन होते, पुढच्या वीस वर्षांत पाच. क्रीडा संचालकांची वर्दळ तर विचारूच नका. ऑस्बोर्नच्या पाठीशी जसे डेव्हनी होते, तसं या पाचांपैकी कुणाच्याही मागे फार काळ कोणी नव्हतं. सात बाउल हरणारा प्रशिक्षक आजच्या नेब्रास्कात सात हंगाम टिकलाच नसता. मग बाविसावा हंगाम येणार कुठून?

ज्यांना बाहेर जावं लागलं त्यांचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. सोलिच ओहायो विद्यापीठात गेले आणि सोळा हंगामांत ११५ सामने जिंकून निवृत्त झाले. लिंकनमध्येच वाढलेले, ऑस्बोर्नच्या हाताखाली खेळलेले क्रेग बोल यांना २००२ च्या शेवटी खुद्द सोलिच यांनीच बचावाच्या कामावरून काढलं होतं. त्यांनी फार्गो शहरातल्या नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठात आसपासच्या खेड्यांतली दणकट मुलं जमवली, जमिनीवरून धावणारा जुन्या वळणाचा खेळ उभा केला आणि २०११ ते २०१३ अशी खालच्या विभागाची सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. ती पद्धत कालबाह्य झाली म्हणणाऱ्यांनी फार्गोकडे बघायला हरकत नव्हती.

२०२२ च्या अखेरीस मॅट रूल आले. २०२३ च्या वसंतातल्या प्रदर्शनी सामन्याला त्यांनी सोलिच यांना बोलावलं. हकालपट्टीला वीस वर्षं होत आली होती. २०२४ मध्ये संघाने सात सामने जिंकले आणि २०१६ नंतर पहिल्यांदा बाउल खेळून बोस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवलं. स्टेडियम त्याआधीही भरत होतं, आताही भरतं.

पण २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर खेळाडूंना विद्यापीठाकडून थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. त्याच तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संपूर्ण संघावरच १०५ जणांची मर्यादा आली. आधीपासून संघात असलेल्यांना काही सूट आहे, नव्यांना नाही. नेब्रास्काच्या वैभवाच्या काळात सरावाला दीडशेच्या आसपास मुलं असत. ती सगळी फळी परत उभी करायचं आज लिंकनमध्ये कुणी मनावर घेतलं, तरी नियमात तेवढ्या मुलांना जागा नाही.